शर्यतीच्या फोटोत गाडी उभी का दिसते?

हौशी मोटारस्पर्धा पाहून घरी आलेल्या बहुतेकांची फोटोंबद्दल एकच तक्रार असते. समोरून सुसाट गेलेली गाडी, टायरांचा कर्कश आवाज, वळणावर एका अंगाला झुकलेली बॉडी हे सगळे डोळ्यांनी पाहिलेले असते. फोटोत मात्र तीच गाडी कोणीतरी डांबरावर उभी करून निघून गेल्यासारखी दिसते. चाकाची आरी न् आरी मोजता येते, मागच्या कुंपणाची जाळी स्वच्छ दिसते आणि वेगाचा मागमूसही नसतो. कोणीतरी सांगते म्हणून शटर मंद करून पाहावे, तर गाडीचाच फराटा उमटतो. शेवटी "चांगला कॅमेरा असता तर" असे म्हणून विषय मिटवला जातो.

कॅमेऱ्याचा दोष यात फार थोडा असतो. या फोटोंमागे वेग, अंतर आणि वेळ यांचे गणित आहे आणि ते गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाही. ते समजले की कोणत्या सेटिंगने काय होईल याचा अंदाज जागेवर उभ्या उभ्या बांधता येतो. मोठ्या शर्यतींच्या छायाचित्रकारांकडून उचललेले आकडे हौशी स्पर्धेत का फसतात, याचे उत्तरही त्याच गणितात आहे.

## हौशी स्पर्धा म्हणजे नेमके काय

यात अनेक प्रकार मोडतात. ऑटोक्रॉसमध्ये मोकळ्या डांबरी पटांगणावर नारिंगी शंकू मांडून नागमोडी मार्ग आखतात आणि एकेक गाडी घड्याळाविरुद्ध धावते. शंकू पडला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. हिल क्लाइंबमध्ये तीच घड्याळाविरुद्धची धाव चढणीच्या रस्त्यावर होते. ट्रॅक डे ही तर स्पर्धाही नसते. आपली रोजची गाडी बंदिस्त ट्रॅकवर मनसोक्त चालवण्याची ती सोय असते. क्लबच्या शर्यतीत मात्र अनेक गाड्या एकत्र सुटतात.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की यांतल्या बऱ्याच प्रकारांत गाडी एकटी येते, त्याच मार्गावरून पुन्हा पुन्हा येते आणि तिचा वेग आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ कमी असतो. ऑटोक्रॉसच्या वळणांवर गाडी ताशी ५०-६० किलोमीटरने गेली तरी पाहणाऱ्याला ती वाऱ्यासारखी वाटते, कारण वळण अरुंद असते, आवाज मोठा असतो आणि बॉडी झुकलेली असते. कान आणि डोळे मिळून हा वेग फुगवतात. सेन्सरला आवाज ऐकू येत नाही.

## शटर उघडे असताना गाडी किती सरकते

शटर स्पीड म्हणजे सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा कालावधी. १/१००० म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, १/६० म्हणजे साठावा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर जाते. म्हणजे १/१००० सेकंदात ती जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर सरकते, १/२५० मध्ये पावणेसात, १/६० मध्ये अठ्ठावीस आणि १/३० मध्ये छप्पन्न सेंटिमीटर.

आता हे अंतर फोटोत किती दिसेल ते पाहू. पूर्ण आकाराच्या, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर २०० मिलिमीटरची, म्हणजे दूरचे जवळ आणणारी लांब लेन्स लावून तीस मीटरवरून पाहिले, तर चौकटीत ५.४ मीटर रुंदी मावते. चार मीटर लांबीची गाडी त्यात नीट बसते आणि थोडी मोकळी जागा उरते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ही रुंदी ६००० पिक्सेलची असते, म्हणून प्रत्यक्षातला एक सेंटिमीटर फोटोत सुमारे अकरा पिक्सेल व्यापतो. कॅमेरा स्थिर धरला, तर १/१००० सेकंदालाही गाडी साधारण १८ पिक्सेल पुसट येणार. लहान पडद्यावर ते खपून जाते. मोठे करून पाहिले की गाडी मऊ दिसते आणि मागचे झाड मात्र धारदार.

चाकांचा हिशोब वेगळा करावा लागतो. सर्वसाधारण गाडीचे टायर एका फेरीत दोन मीटरच्या आसपास अंतर कापते, त्यामुळे ताशी ६० ला चाक सेकंदाला साडेआठ फेऱ्या मारते. १/१००० सेकंदात ते फक्त तीन अंश फिरते. पाच आऱ्यांच्या चाकात दोन आऱ्यांमधला कोन ७२ अंशांचा असतो. त्यातले तीन अंश कोणाच्या लक्षातही येत नाहीत. गाडी उभी दिसते ती यामुळे. १/६० ला चाक सुमारे ५० अंश फिरते आणि १/४० च्या आसपास एक आरी दुसरीच्या जागी पोहोचते, तेव्हा चाकाचे सलग वर्तुळ दिसू लागते.

## गाडी स्पष्ट आणि जग पुसट: पॅनिंग

चाके फिरलेली दिसायची तर शटर मंद हवे आणि शटर मंद केले की गाडी पुसट होते. या पेचातून बाहेर पडण्याच्या युक्तीला पॅनिंग म्हणतात. गाडी ज्या वेगाने नजरेसमोरून सरकते त्याच वेगाने कॅमेरा तिच्याबरोबर फिरवायचा आणि फिरवता फिरवताच बटण दाबायचे. आगगाडीच्या खिडकीतून शेजारच्या रुळावरून आपल्याच वेगाने जाणारी दुसरी गाडी पाहिली, तर तिच्यातले प्रवासी जागच्या जागी बसलेले दिसतात आणि पलीकडची झाडे पळत असतात. कॅमेऱ्यालाही नेमके हेच दिसते. सेन्सरच्या लेखी वेग असा काही नसतो, तो नोंदवतो ती फक्त आपल्या आणि गाडीच्या वेगांतली तफावत.

पार्श्वभूमी किती ओढली जाईल हेही याच हिशोबाने ठरते. वरच्या उदाहरणात १/६० ला पार्श्वभूमीवर सुमारे ३०० पिक्सेलचा फराटा उमटतो, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा विसावा भाग. वेगाचा भास होण्यासाठी माझ्या मते किमान एवढा तरी हवा. १/२५० ला तो ७४ पिक्सेलवर येतो आणि पाहणाऱ्याला वाटते, की कॅमेरा जरा हलला असावा. आणखी एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे: फराटा उमटायला मागे काहीतरी असावे लागते. झाडी, गर्दी, रंगीत फलक, टायरांची भिंत यांचे सुंदर पट्टे होतात. मोकळ्या आकाशासमोर तुम्ही कितीही चांगले पॅनिंग करा, निळे आकाश पुसल्यावरही निळेच राहते आणि गाडी हवेत टांगल्यासारखी दिसते.

## हात किती अचूक चालायला हवा

पॅनिंगचे बहुतेक फोटो का फसतात, याचे उत्तर इथे आहे आणि ते धीर देणारे आहे. गाडी स्पष्ट दिसण्यासाठी तिच्यावरचा पुसटपणा तीनेक पिक्सेलच्या आत राहावा असे धरू. १/२५० ला एकूण सरकणे ७४ पिक्सेलचे, म्हणजे हाताचा वेग गाडीच्या वेगापेक्षा चार टक्क्यांनी चुकला तरी चालेल. १/६० ला ही सवलत एका टक्क्यावर येते आणि १/३० ला अर्ध्या टक्क्यावर. अर्ध्या टक्क्याची अचूकता कोणाचाही हात दर वेळी देत नाही, व्यावसायिकाचाही नाही. मंद शटरचे वीस फोटो काढून एकच हाती लागला, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दिलासा एवढाच, की हे मोजमाप पूर्ण आकाराच्या फोटोचे आहे. तोच फोटो १५०० पिक्सेल रुंदीचा करून पडद्यावर दाखवला, तर चुकीची मुभा चौपट होते. मोठा प्रिंट काढायचा नसेल, तर संगणकावर फोटो शंभर टक्के मोठा करून रडत बसू नये.

अंगाच्या ठेवणीने बराच फरक पडतो. जिथे फोटो घ्यायचा त्या जागेकडे पायांची दिशा ठेवावी, कंबरेतून वळून येणारी गाडी दुरूनच चौकटीत धरावी आणि कोपरे बरगड्यांना टेकवून, हाताऐवजी सगळे धडच सैल सोडत गाडीबरोबर परत फिरू द्यावे. नजर गाडीच्या एकाच बिंदूवर असावी. मी ड्रायव्हरचे हेल्मेट निवडतो, कारण शेवटी फोटोत पाहणाऱ्याची नजर तिथेच जाते. बटण हळुवार दाबावे आणि दाबल्यावर थांबू नये, गाडी निघून जाईपर्यंत कॅमेरा फिरत राहावा. बटण दाबताक्षणी हात थबकतो आणि नेमकी तीच फ्रेम वाया जाते. लेन्समध्ये थरथर रोखणारी यंत्रणा असेल, तर फक्त वर-खाली हलणे आवरणारा तिचा मोड निवडावा. काही लेन्सचा साधा मोड आपल्या आडव्या फिरण्यालाच थरथर समजून विरोध करतो.

## "पण मोठे छायाचित्रकार तर १/२५० वापरतात"

वापरतात, आणि त्यांचे बरोबरच असते. ताशी ३०० किलोमीटरने जाणारी फॉर्म्युला वन गाडी १/२५० सेकंदात ३३ सेंटिमीटर सरकते. ताशी ६० ने जाणाऱ्या आपल्या हौशी गाडीला तेवढेच ३३ सेंटिमीटर सरकायला १/५० सेकंद लागतो. वेग पाचपट कमी असेल, तर तोच परिणाम मिळवायला शटर पाचपट वेळ उघडे ठेवावे लागते. दुसरा मार्ग नाही. मोठ्या शर्यतीचा आकडा जसाच्या तसा इथे लावणे म्हणजे गाडी उभी दाखवण्याची हमी घेणे होय.

यातून एक गंमतीदार निष्कर्ष निघतो, की निव्वळ पॅनिंगच्या दृष्टीने हौशी स्पर्धा मोठ्या शर्यतीपेक्षा अवघड असते. मंद शटरमुळे हाताची थरथर जास्त उतरते, आणि गाडी सरळ न जाता शंकूंमधून डावी-उजवीकडे वळत असल्याने तिचा वेग क्षणाक्षणाला बदलतो. म्हणून सुरुवात १/२५० पासून करावी, त्या वेगाला काही बरे फोटो मिळाले की १/१२५ वर यावे आणि हात बसल्यावरच १/६० किंवा त्याखाली उतरावे. गाड्या पुन्हा पुन्हा येणार असतात, त्यामुळे घाई करण्याचे कारण नसते.

## उभे कुठे राहावे

जागेची निवड ही लेन्सच्या निवडीपेक्षा मोठी गोष्ट आहे. सरळ रेषेत जाणारी गाडी दूर असताना नजरेसमोरून हळू सरकते, जवळ येताना तिचे सरकणे वाढते, अगदी समोर काटकोनात आली की ते सर्वाधिक असते आणि नंतर पुन्हा कमी होते. काटकोनाच्या त्या क्षणी सरकण्याचा वेग सर्वांत जास्त असतो खरा, पण तो तेवढ्यापुरता बदलत नसतो, म्हणून हाताला तिथेच साथ देणे सोपे जाते.

जवळ जाण्याचा मोह मात्र आवरावा. गाडीने चौकट सारखीच भरत असेल, तर पार्श्वभूमीचा फराटा जवळूनही तेवढाच आणि लांबूनही तेवढाच येतो. फरक पडतो तो गाडीच्या दोन टोकांना. साडेसात मीटरवरून ५० मिलिमीटरच्या लेन्सने पॅन केले, तर गाडीचा मध्य कॅमेऱ्याशी तंतोतंत जुळला तरी नाक आणि शेपूट सुमारे सात टक्क्यांनी चुकतात, कारण कॅमेरा जागेवर गोल फिरत असतो आणि गाडी सरळ जात असते. तीस मीटरवरून हीच चूक अर्ध्या टक्क्याच्या आत येते. लांब उभे राहून लांब लेन्स वापरावी ती यासाठी.

सर्वांत अनुकूल जागा वळणाच्या आतल्या बाजूला असते. तुम्ही वळणाच्या केंद्राजवळ असाल, तर गाडी तुमच्याभोवती कमान काढत जाते, तिचे अंतर आणि तुमच्याकडे असलेली तिची बाजू फारसे बदलत नाहीत, आणि नाकापासून शेपटापर्यंत सगळी गाडी एकदम जुळते. १/३० सारखे धाडस करायचे असेल तर ते इथे करावे. बाहेरच्या बाजूने गाडी तुमच्यासमोर स्वतःभोवतीही वळत असते, त्यामुळे मंद शटरला एखादा दिवा स्पष्ट येतो आणि मागची बाजू वाहून जाते. आतल्या बाजूचा आणखी एक फायदा असा, की पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाड्या तीव्र वळणावर आतले मागचे चाक जमिनीपासून उचलतात आणि ते आतूनच नीट दिसते.

## भर उन्हात मंद शटर जमते का

स्पर्धा बहुधा दुपारच्या उन्हात असतात आणि इथे मंद शटर अडते. आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता आणि अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा आकार; एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र बारीक. लख्ख उन्हात आयएसओ १०० ठेवून छिद्र एफ/१६ इतके बारीक केले, तर योग्य शटर स्पीड साधारण १/१०० सेकंद येतो. १/३० वर जायचे तर प्रकाश आणखी तीनपटीहून जास्त कमी करावा लागेल, आणि बहुतेक लेन्स एफ/२२ ला थांबतात. शिवाय छिद्र इतके बारीक केले की प्रकाश वाकून सगळा फोटो किंचित मऊ होतो आणि सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी उमटते.

उपाय म्हणजे लेन्सवर लावायची काळसर काच, अर्थात एनडी फिल्टर. एनडी८ ही काच एक अष्टमांश प्रकाशच आत सोडते. ती लावली की भर उन्हात १/३० ला एफ/१० च्या आसपास सुखाने काम होते. पोलरायझर असेल तर तोही चालतो. तो दीड ते दोन टप्पे (एक टप्पा म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश खातो आणि वर पुढच्या काचेवरची चकाकी घटवून आतला ड्रायव्हर दाखवतो, जे एनडी फिल्टरला जमत नाही.

कॅमेरा शटर प्राधान्याच्या मोडवर ठेवावा, म्हणजे शटर आपण ठरवायचे आणि बाकी त्याने सांभाळायचे. तो मोड काही कॅमेऱ्यांवर एस आणि काहींवर टीव्ही या अक्षरांनी दाखवलेला असतो.

## समोरून येणारी गाडी

समोरून येणाऱ्या गाडीला पॅनिंगचा नियम लागू पडत नाही, कारण ती आडवी सरकतच नाही. समोरून चाकाच्या आऱ्याही दिसत नाहीत, त्यामुळे शटर वेगवान ठेवले, अगदी १/१००० ठेवले, तरी बिघडत नाही. इथे वेग सांगायचे काम वळलेली पुढची चाके, झुकलेली बॉडी, उडालेला शंकू आणि धूळ करतात. लांब लेन्सने दुपारी तापलेल्या डांबरावरून दूरची गाडी टिपताना मात्र हवा थरथरत असते आणि गाडी पाण्यात बुडाल्यासारखी येते. त्याला कोणतीही सेटिंग पुरी पडत नाही. जवळच्या वळणाकडे जावे किंवा सकाळी लवकर यावे.

## "महागडा कॅमेरा आणि बर्स्ट असेल तर हे सगळे कशाला?"

बर्स्ट म्हणजे बटण दाबून धरले की सलग फोटो निघणे. सेकंदाला दहा फोटो काढणारा कॅमेराही दोन फोटोंच्या मध्ये ताशी ६० च्या गाडीला पावणेदोन मीटर पुढे जाऊ देतो. शंकूला धक्का लागण्याचा क्षण त्या मधल्या जागेत निसटू शकतो. पॅनिंगमध्ये चार-पाच फोटोंचा छोटा बर्स्ट उपयोगी पडतो, कारण त्यातल्या एखाद्या फ्रेमला हाताचा वेग जुळून येतो. पण वळणाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत बटण दाबून ठेवणाऱ्याला रात्री हजारो फोटो चाळत बसावे लागते आणि हात काही सुधारत नाही.

फोकसबाबतही महागड्या यंत्रणेची गरज वाटते तितकी नसते. वरचेच उदाहरण घेतले, म्हणजे २०० मिलिमीटर, तीस मीटर आणि एफ/१०, तर साधारण २५ ते ३८ मीटरपर्यंतचे सगळे समाधानकारक स्पष्ट येते. गाडी दर फेरीला जवळपास त्याच पट्ट्यावरून जाते, म्हणून तिथल्या डांबरावर आधीच फोकस करून ठेवला तरी भागते. जुनी, हाताने फोकस करायची लेन्ससुद्धा या कामाला चालते. गाडीमागोमाग आपोआप बदलत राहणाऱ्या सततच्या फोकसची खरी परीक्षा समोरून येणाऱ्या गाडीला होते आणि महागड्या कॅमेऱ्याचे पैसे तिथे वसूल होतात.

मोबाइलची अडचण निराळी आहे. बहुतेक मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे छिद्र एफ/१.८ च्या आसपास कायमचे उघडे असते. भर उन्हात, आयएसओ ५० धरला तरी, त्याला १/४००० सेकंदाच्या आसपासच जावे लागते. १/६० हवा असेल तर प्रकाश साठपटीहून अधिक कमी करणारा फिल्टर लावावा लागेल. प्रो मोडमध्ये शटर स्वतः ठरवणे आणि ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ गाठणे, हा मोबाइलवाल्यांसाठी खरा उपाय आहे.

## चाके अंड्यासारखी का दिसतात

मोबाइल आणि आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर यांत आणखी एक विचित्र प्रकार घडतो. सेन्सर सगळा फोटो एकदम न वाचता ओळीमागून ओळ वाचतो. अनेक साध्या कॅमेऱ्यांत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जायला १/६० ते १/१५ सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी पुढे सरकते, म्हणून तिचा वरचा भाग एका क्षणाचा आणि खालचा दुसऱ्या क्षणाचा येतो. गोल चाके लंबवर्तुळाकार होतात आणि उभे खांब तिरके पडतात. शटर स्पीड वाढवून हा दोष जात नाही, कारण तो वाचण्याच्या वेळेचा असतो.

ही भानगड मोबाइलच्या फार आधीची आहे. फ्रेंच छायाचित्रकार जाक आंरी लार्तिग याने ऐन तारुण्यात, हौशी असताना फ्रेंच ग्रां प्रीमध्ये घेतलेला आणि १९१२ चा म्हणून प्रसिद्ध झालेला फोटो याचा उत्तम नमुना आहे. त्यात शर्यतीच्या गाडीचे चाक पुढे कललेल्या अंड्यासारखे आहे आणि कडेचे प्रेक्षक उलट्या दिशेला झुकलेले आहेत. त्याच्या कॅमेऱ्यातले शटर म्हणजे काचेवरून सरकणारी एक फट होती. तो गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होता, पण गाडीच्या वेगाला पुरा पडला नाही; म्हणून गाडी पुढच्या बाजूला कलली आणि स्थिर प्रेक्षक मागच्या बाजूला. म्हणजे वेगाचे प्रतीक मानला गेलेला हा फोटो तांत्रिकदृष्ट्या अर्धवट जमलेले पॅनिंग आहे. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या फोटोंचे प्रदर्शन भरले आणि त्यानंतर त्याचे नाव जगभर झाले.

आजच्या कॅमेऱ्यांत यांत्रिक पडदा वापरला की हा तिरकेपणा जवळपास दिसेनासा होतो. सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपणारा सेन्सरही आता पूर्ण आकारात मिळतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेला सोनीचा ए९ थ्री हा तसा पहिला कॅमेरा. हौशी स्पर्धेसाठी एवढा खर्च करण्याची गरज नाही, मेनूत जाऊन यांत्रिक शटर निवडले तरी पुरते.

## "वेगाचा फराटा संगणकावर टाकता येत नाही का?"

येतो, आणि तो बहुधा ओळखूही येतो. खऱ्या पॅनिंगमध्ये गाडीच्या रंगावर पडलेली झाडांची प्रतिबिंबे ओढली जातात, खिडक्यांच्या काचांतून आरपार दिसणारी पार्श्वभूमीही ओढली जाते, आणि गाडीखालचे डांबर तिच्या सावलीच्या आतही पट्टेदार होते. संगणकावर फराटा टाकणारा मागची झाडे पुसतो आणि खिडकीतले झाड विसरतो, किंवा गाडीच्या कडेभोवती धूसर झालर सोडतो. कोणी हे सगळे निगुतीने केले तर माझी तक्रार नाही, फक्त ते सांगून करावे.

## फोटोपेक्षा महत्त्वाचे: सुरक्षित अंतर

हौशी स्पर्धेत प्रेक्षक गाड्यांच्या पुष्कळ जवळ असतात आणि वेग कमी असल्याने धोका वाटत नाही. पण ताशी ६० ने येणारी गाडी वीस मीटर अंतर सव्वा सेकंदात कापते. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाला काहीतरी चुकतेय हे कळायलाच तेवढा वेळ जातो, आणि लांब लेन्समधून तर गाडी आपल्याकडे वळली आहे हे उमगतच नाही. १९८६ च्या पोर्तुगाल रॅलीत रस्त्यालगतच्या गर्दीत गाडी घुसून तीन प्रेक्षक दगावले. त्या काळात रस्त्यातच उभे राहायचे आणि गाडी अगदी जवळ आली की बाजूला व्हायचे, ही पद्धत होती. कॅमेरेवालेही त्यात असत.

वळणाची बाहेरची बाजू, विशेषतः गाडी वेग घेत बाहेर पडते ती जागा, सर्वांत वाईट, कारण पकड सुटलेली गाडी तिकडेच जाते. आतली बाजू त्या मानाने बरी. मात्र घसरलेल्या गाडीची पकड अचानक परत आली, तर ती आतही झेपावते. म्हणून आखलेल्या सीमेच्या आत कधीही जाऊ नये, जमिनीवर बसून किंवा आडवे होऊन फोटो घेऊ नये, येणाऱ्या गाडीकडे पाठ करू नये आणि मोकळा डोळा उघडा ठेवायची सवय लावावी. मार्शल, म्हणजे ट्रॅकवर झेंडे दाखवणारे स्वयंसेवक, जे सांगतील ते लगेच ऐकावे. पिवळा झेंडा पुढे धोका असल्याचे सांगतो आणि लाल झेंडा दिसला की फेरी थांबते. फ्लॅश वापरू नये. तीस मीटरवर त्याचा उपयोग जवळपास नसतो आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांवर मात्र तो चमकतो.

जाळीच्या कुंपणामागून फोटो घ्यावा लागला, तर लेन्स जाळीला शक्य तितकी चिकटवावी, सावलीतला भाग शोधावा आणि छिद्र मोठे ठेवावे, म्हणजे तारा दिसेनाशा होतात. मोठे छिद्र आणि मंद शटर यांचे उन्हात जमत नाही. तिथेही एनडी फिल्टरच कामाला येतो.

## फोटो प्रसिद्ध करताना

हौशी स्पर्धेतली गाडी बरेचदा तिच्या मालकाची रोजची गाडी असते, तिच्यावर खरी नंबरप्लेट असते आणि सोमवारी तो तिच्यातून कामावर जाणार असतो. त्यामुळे प्रसिद्ध करण्याआधी नंबरप्लेट झाकणे, फोटो कुठे टाकता येतात आणि विकता येतात का हे आयोजकांना आधीच विचारणे, आणि लहान मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय न टाकणे, एवढे पथ्य पाळावे. फोटो आपण काढला म्हणजे त्यातल्या माणसाच्या चेहऱ्याची जाहिरात करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

अपघाताच्या फोटोंवर मतभेद आहेत. काहींच्या मते तोही खेळाचाच भाग आहे. पण व्यावसायिक संघाची गाडी आपटली तर संघ नवी आणतो, हौशी माणसाने ती कर्ज काढून घेतलेली असू शकते, आणि स्पर्धेतले नुकसान अनेक विमा पॉलिसींतून वगळलेले असते. ड्रायव्हर ठीक आहे ना, हे आधी पाहावे. मग फोटो फक्त त्याला पाठवावा. काय घडले ते समजून घ्यायला, दुरुस्तीवाल्याला दाखवायला त्याला तो बहुधा हवाच असतो; प्रसिद्ध करायचा की नाही, हे त्याच्यावर सोडावे.